चटका न बसणारा हात

मंडळी, पुण्याच्या दवाखान्यातून नुकताच लोणावळ्याला परतलोय. जेवणाचं ताट बाजूला सारून इथं लिहितो.

माझी भावजय सुमन चिक्कीच्या भट्टीवर कामाला. गुळाचा गरमागरम गोळा ती हातानं थापायची, पण चटका म्हणून बसायचा नाही. बाकीच्या बाया म्हणायच्या, "सुमे, तुजा हात देवानंच घडवलाय बघ!" मग थापायचं सगळं काम तिच्याच गळ्यात.

हात बधिर होत चाललाय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बोटं गार पडायची, तरी आम्ही कौतुकच करत राहिलो. दोन बोटं काळी पडली, तेव्हा कुठं तिला पुण्याला नेलं.

आज डॉक्टरांनी तिला हात वर धरायला लावला, तर मनगटाची नाडीच लागेना. मानेपाशी जन्मापासून एक जादा बरगडी आहे. तिच्यामुळे हाताची मोठी रक्तवाहिनी चेपली आणि तिथल्या गुठळ्या बोटांत उतरल्या. ऑपरेशननं दाब निघेल, पण ती दोन बोटं काढावीच लागतील. आमचं आपलं वरातीमागून घोडं!

गाडीत सुमननं विचारलं, "भाऊजी, भट्टीवर परत घेत्याल ना मला?"

मी "व्हय" म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?