पिवळ्या दोऱ्याचं पिल्लू

कोलकात्याच्या बेहाला भागात सिल्की जातीच्या कोंबड्या पाळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या सगळ्यांना श्यामकांत ओगले ठाऊक. पिल्लू नर की मादी अशी शंका आली, की ते बुटाच्या खोक्यात बसून ओगल्यांच्या गच्चीवर यायचं. इतर कोंबड्यांचं बरं असतं हो, दोन महिन्यांत तुरा लाल झाला की प्रश्न मिटला. सिल्कीचं तसं नाही. अंगभर कापसासारखी पिसं, खाली काळी कातडी, पायाला पाच बोटं, आणि चार-पाच महिन्यांपर्यंत नर-मादी सगळी एकसारखी. बाजारातला विकणारा तर गिऱ्हाइकाला जे ऐकायचंय तेच सांगतो.

ओगले तसले नव्हते. जन्म कोलकात्याचा, नोकरी एका केंद्र सरकारी कचेरीत नकाशे काढण्याची, पस्तीस वर्षं. रेघ केसभर सरकली तरी कागद नवा घेणार. निवृत्तीनंतर ही सगळी खोड कोंबड्यांवर उतरली. दर रविवारी पिल्लांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवायचं, कोण किती वाढलं ते बघायचं. मग दाणे टाकून दहा मिनिटं नुसतं पाहत राहायचं. डोक्यावरची पिसं चेंडूसारखी गोल आहेत की मागे वळलीत? त्यांतून दोन-चार लांब पिसं काड्यांसारखी बाहेर आलीत का? चोचीवरचा तुरा रुंदावतोय का, पाय जाड आहेत का, दुसरं समोर आलं की छाती काढून उभं राहतंय का? एकाच खुणेवर ते कधी बोलत नसत. बालीगंजच्या पल्लवीताई, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इकडे आलेल्या, एकदा हट्टालाच पेटल्या. "काका, अंदाजाने तरी सांगा. मुलीला पिल्लाचं नाव ठेवायचंय."

"अंदाजाने नाव ठेवा," ओगले म्हणाले. "मी पुढच्या महिन्यात सांगतो."

बाई नाक मुरडून गेल्या आणि पुढच्या महिन्यात मुकाट्याने परत आल्या. ओगल्यांचं निदान आजवर फारसं चुकलं नव्हतं, आणि खोटं तर ते कधीच बोलले नव्हते. आता अशा माणसावर काय वेळ आली ते ऐका.

गेल्या वैशाखात त्यांच्या बायकोला, शकुनला, पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. ऐकू यायचं, समजायचं सगळं, पण तोंडातून नुसते हुंकार. व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा, हातात स्पंजचा चेंडू द्यायचा. शकुन तो खाली टाकायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. चाळीस वर्षं घरात अखंड बोलणारी बाई. ओगले रेडिओ मोठ्याने लावून ठेवत, घरात आवाज असावा म्हणून.

सप्टेंबरात त्यांनी गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या पक्षीबाजारातून पाच पिल्लं आणली आणि ओळखण्यासाठी पायांना पाच रंगांचे दोरे बांधले. एकदा पिंजरा धुवायचा होता, म्हणून पिवळ्या दोऱ्याचं पिल्लू त्यांनी व्हरांड्यात शकुनच्या मांडीवर ठेवलं. परत आले तर तिची उजवी बोटं त्या पिल्लाच्या पाठीवरून सरकत होती. किती, तर इंचभर. ओगले दारातच थांबले. पुढे जायचा धीरच होईना त्यांना.

मग रोज संध्याकाळी तेच. बाकीची चार पिल्लं मांडीवर वळवळ करून उडी मारत, हे मात्र डोळे मिटून बसायचं. जानेवारीपर्यंत शकुनची मूठ उघडायला लागली, वाटी धरता येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, जे चाललंय ते मोडू नका.

आणि मोडायची पाळी नेमकी तेव्हाच आली. इमारतीच्या समितीने परवानगी देताना एकच अट घातली होती: गच्चीवर कोंबड्या चालतील, कोंबडा चालणार नाही. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सॉल्ट लेकला रात्रपाळी करून पहाटे झोपायचा, त्याच्या उशाशी आरवणं नको. अट रास्त होती, आणि ओगल्यांनीच ती सगळ्यांआधी मान्य केली होती. यापूर्वी निघालेले दोन नर त्यांनी स्वतः शहराबाहेर आमतल्याला एका ओळखीच्या बागेत नेऊन सोडले होते.

पिवळ्या दोऱ्याचं पिल्लू चौथ्या महिन्यात बाकीच्यांपेक्षा चांगलं शंभर ग्रॅमने पुढे गेलं. तुरा रुंदावला. डोक्यातून एक लांब पीस मागे आलं, मग दुसरं, मग तिसरं. हेच दुसऱ्या कुणाचं असतं तर ओगल्यांनी मिनिटात नर म्हणून सांगितलं असतं. पण आता गडी एकदम चिकित्सक झाला. शकुनच्या हातून जास्तीचं खातं म्हणून वजन वाढलं असेल. काही माद्यांनाही येतात अशी पिसं. पाय जाड आहेत खरे, पण किती जाड म्हणजे जाड? स्वतःला फसवायला माणसाला फार हुशारी लागत नाही, आणि ओगल्यांकडे तर ती भरपूर होती.

समितीचे सचिव सान्यालबाबू जिन्यात भेटले. "रविवारी येतो वर, यांत कोंबडा आहे का ते बघायला. मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणाल ते मी सगळ्यांना सांगेन."

त्या रविवारी सकाळी ओगल्यांनी मिशा कापायची कात्री घेतली, शकुनसमोरच बसून त्या पिल्लाची तिन्ही लांब पिसं कापली आणि डोकं चेंडूसारखं गोल केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते रेघ मुद्दाम चुकवत होते.

"महिनाभर तरी निभेल," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "तोवर तुझा हात आणखी सुटेल."

पिल्लू मांडीवर ठेवलं, पण शकुनची बोटं हलली नाहीत. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली.

सान्यालबाबू आले, चहा घेतला, वहिनींची तब्येत विचारली. मग मांडीवरच्या पिल्लाकडे बोट दाखवून बंगालीत म्हणाले, "मग ओगलेबाबू, हे काय आहे?"

मादी. शब्द ओगल्यांच्या ओठांवर तयार होता. ते तोंड उघडणार, इतक्यात खुर्चीतून आवाज आला.

"कों... कोंबडा."

शकुनच्या कपाळावर घाम आला होता. तिने पुन्हा जोर केला. "कोंबडा आहे."

नऊ महिन्यांत पहिला शब्द. ओगल्यांनी टेबल धरलं.

सान्यालबाबूंचे डोळे भरून आले. भला माणूस. मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "वहिनी बोलल्या," ते हळूच म्हणाले. "काय म्हणाल्या हो?"

ओगल्यांना काहीही सांगता आलं असतं. चहात साखर कमी आहे का विचारतेय, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. त्या घरात मराठी कळणारी माणसं दोनच. पण नऊ महिने ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो आल्या आल्या त्याचं भलतंच भाषांतर करायचं, हे काही त्यांच्याच्याने होईना.

"म्हणतेय, कोंबडा आहे," ते बंगालीत म्हणाले. "बरोबर म्हणतेय. मला महिनाभर ठाऊक होतं. मी लपवलं."

ओगले शकुनच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं, आणि ते आवरतही नव्हते.

"परत म्हण," ते म्हणाले.

"कोंबडा," शकुन म्हणाली. मग तिने दोन्ही हातांनी ते पिल्लू उचललं आणि सान्यालबाबूंच्या पुढे धरलं. उजवा हात कापत होता, पण पकड सुटली नाही.