टेन्शन घेऊ नका म्हणणारी माणसं

बोईसरच्या आमच्या डे-केअरमध्ये किमोच्या सहा खुर्च्या आहेत. मी तिथली नर्स. पेशंट चार-चार तास बसतो, शेजारी घरचं कुणीतरी असतं, आणि माणसं बोलतातच. मला काही विचारावं लागत नाही, किस्से आपोआप साठतात. मैत्रिणींना सांगितले की त्या हसतात. मला मात्र सांगतानाही संताप येतो!

आमच्या डॉक्टर मॅडम नातेवाइकांना अगदी सोपं करून सांगतात, "अंगात पहारेकरी पेशी असतात. कॅन्सरची भटकी पेशी दिसली की त्या तिला गाठतात. पण माणूस सतत धास्तीत राहिला की पहारेकरीसुद्धा पेंगायला लागतात. ऑपरेशनच्या आगेमागे तर जास्तच जपायचं. औषध आम्ही देतो, घरात शांतता तुम्ही ठेवा."

नातेवाईक माना डोलावतात आणि पेशंटकडे वळून म्हणतात, "ऐकलंस ना? टेन्शन घ्यायचं नाही!"

ते देतं कोण, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

* * *

चिंचणीच्या मंजुळाबाई मासळी विकायच्या. नवरा सोबत यायचा आणि खुर्चीशेजारी उभा राहून ओरडायचा, "डॉक्टरबाईनी काय सांगितलाय? खूश राहायचा! मग तोंड असा का केलाय? हस! हस बोलतो ना!"

मी बीपी घेतलं, तर पार वर गेलेलं. हा मलाच म्हणतो, "बघा सिस्टर, ही टेन्शन घेते!"

मी म्हटलं, "काका, तुमी जरा चहा पिऊन या."

तो गेला. अर्ध्या तासात बीपी जागेवर! मॅडमनी फाईल बघून विचारलं, "कशानं उतरलं हो?"

"चहानं, मॅडम."

"यांना चहा दिलात?"

"यांना नाही. यांच्या नवऱ्याला."

* * *

सुरेशभाऊ मूळचे जळगावकडचे, कुंभवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. ड्रिप लागली की सुपरवायझरचा फोन आलाच. एकदा तासाभरात तिसरा फोन. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या खुर्च्यांना ऐकू गेलं, "तू टेन्शन मत ले भाई, आराम कर. बस सोमवार को आ जाना. नहीं तो साहब दूसरा आदमी देख रहे हैं. पर तू टेन्शन मत ले!"

सुरेशभाऊ हात टेकून उठायलाच लागले. सुई त्याच हातात! मी फोन ओढून घेतला. म्हटलं, "इनकी किमो चल रही है, समझता है क्या आपको?"

पलीकडचा आवाज बदलला. मग एकदम अदबीनं प्रश्न, "अच्छा, अच्छा. कितने बजे छूटेगी मॅडम?"

* * *

या पुढच्या किस्स्याला तर मैत्रिणीही हसत नाहीत. आमच्या इकडच्या माहीम गावच्या सुमनताई, घरची पानवेलीची वाडी. ऑपरेशनचे टाके अजून ओले होते. नणंद भेटायला आली आणि जाताना म्हणाली, "तू सगळं मनात धरून बसतेस. त्याचीच गाठ झाली ही."

ड्रेसिंग करताना ताईंनी मला हळूच विचारलं, "सिस्टर, माझ्यामुळंच झाला का ओ मला?"

मी ड्रेसिंग पुरं केलं. आणि तडक मॅडमकडं गेले. त्यांनी नणंदेला बोलावून घेतलं आणि समोर बसवलं. "यांनी मनात धरलं म्हणून कॅन्सर झाला, असं सांगायला माझ्याकडं काही पुरावा नाही. तुमच्याकडं आहे?"

"नाय... आपलं लोक बोलतात."

"मग ऐका. आज यांचे पहारेकरी पेंगत असतील ना, तर अंगाई तुम्ही गायलीत!"

* * *

आणि ही हंसा. पॅकिंगच्या कामाला जाणारी, घरात सात माणसं, स्वयंपाकाला ही एकटी. दर मंगळवारी सुई लागली की डोळे मिटून गाढ झोपायची, ड्रिप संपेपर्यंत. शेवटच्या किमोला आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढा भरवला. ती कशीनुशी हसली.

पुढच्या मंगळवारी बरोबर दहा वाजता हंसा हजर! हातात डबा, पाण्याची बाटली. येऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "अगं, तुझी ट्रीटमेंट संपली ना?"

तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"घरी नाय सांगितलं अजून."