एकाच लाइनीवरच्या हाका

लॅपटॉपवर गाणं लावलं की वायफाय जायचं. लॅपटॉप चालवणारं लिनक्स सांगत होतं, आवाजाचं आणि वायफायचं कार्ड प्रोसेसरला एकाच लाइनीवरून हाका मारतायत. मग पडद्यावर ओळ आली, तिचा अर्थ असा: हाका आल्या, कुणी ओ दिली नाही, लाइन बंद करतोय. मी सेटिंगमध्ये एक शब्द घातला, दोघांना वेगवेगळ्या लाइनी मिळाल्या. गाणं वाजलं, वायफायही टिकलं. आनंद वगैरे काही झाला नाही. आई गेल्यापासून आतपर्यंत काही पोचतच नाही. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, चहा निवतोय!" ऐकू यायचं, पण ओ द्यायला तोंड उघडायचं नाही. आत्ता मान वळवली, तर शेजारी कप होता, साय धरलेला. कधी ठेवून गेली कोण जाणे. हाक आली नव्हती.