कळांच्या आधी गेलेलं पाणी

माझा देवावरचा विश्वास तेव्हा डळमळीतच होता. दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी आठवा महिना लागला तरी मी बाळासाठी एक झबलं घेतलं नव्हतं. रोज देवीपुढे हात जोडायचे, पण मनात मागणंच असायचं: नऊ महिने भरू दे, मग तुझी ओटी भरीन. आज वाटतं, ती भक्ती नव्हती, घासाघीस होती.

त्या मंगळवारी सकाळी भाकरी थापताना पायांवरून कोमट पाणी ओघळलं. कळ नाही, रक्त नाही. लघवीवरचा ताबा सुटला असेल म्हणून लाजेनं गप्प बसले. पुन्हा तसंच झालं तेव्हा सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कळा नाहीत ना, मग पडून राहा, सांजेला बघू. त्यांच्या काळी तसंच करत. त्या शेतात गेल्या, पण माझ्या जिवाला चैन पडेना. शहरात देवीला जाऊन यावं म्हणून मी निघाले. खरं सांगायचं तर, दवाखान्यात काय ऐकावं लागेल याची भीती होती. देवळात निदान कोणी काही सांगत नाही.

फुलंब्रीहून जीपमध्ये बसले. शेजारी बुरख्यातल्या एक वयस्कर बाई होत्या, शहरातल्या शहागंजला राहणाऱ्या. शहराच्या वेशीवरचं हर्सूल जवळ आलं तेव्हा त्यांनी माझ्या ओल्या साडीकडे पाहिलं आणि कानाशी येऊन हळूच विचारलं, "बेटी, पानी कब से जा रहा है?"

मी म्हटलं, सकाळपासून. त्या कित्येक वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आयाबाई होत्या. त्यांनी समजावलं, पाणमोट फुटली म्हणजे बाळाभोवतीची भिंत गेली, जंतूंना वर चढायला वाट मोकळी झाली. कळा येवोत न येवोत, वेळ जाईल तसा दोघांच्या जिवाला धोका. ताप चढेपर्यंत घरी थांबलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचं पुढं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, आधी दर्शन घेते. त्यांनी माझा हात धरला. "देवी को मालूम है तू कहाँ है. पहले दवाखाना."

त्यांच्या सांगण्यावरून ड्रायव्हरनं जीप सरळ दवाखान्याच्या दारात नेली. भरलेल्या जीपमधल्या एकाही माणसानं कुरकुर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाणी तपासून लगेच भरती केलं. जंतू आत जाऊ नयेत म्हणून आतून हात लावून तपासणं टाळलं. सलाइनमधून अँटिबायोटिक, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं, आणि मग नुसतं थांबणं. दर थोड्या वेळानं ताप बघायचा, पाण्याचा रंग-वास बघायचा, बाळाचे ठोके ऐकायचे. बाळ पोटात राहील तो प्रत्येक दिवस त्याच्या फायद्याचा, असं त्या म्हणत.

तिसऱ्या दिवशी जीपमधल्या त्या बाई मला भेटायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, त्या दिवशी सिल्लोडहून बसनं येताना पोटात ढवळलं म्हणून फुलंब्रीला उतरले आणि मग जीप धरली. "उम्र गुजर गई, मुझे गाड़ी कभी नहीं लगी." माझ्या अंगावर काटा आला. त्यांना मात्र त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरून ताप आला. बाळाचे ठोके पळू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत जंतुसंसर्ग सुरू झालाय. आता बाळ बाहेरच बरं." मला सिझेरियनसाठी आत नेलं तेव्हा मी सवयीनं हात जोडले, पण मागायला शब्दच सुचेना. नऊ महिने भरायची आशा तर गेलीच होती. एवढंच मनात आलं: तुझंच आहे, तू बघ. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आतून सगळं शांत झालं.

तासाभरात मुलगी झाली. दोन किलोचीही नव्हती, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, माझा ताप दोन दिवसांनी उतरला. पुढच्या आठवड्यात नर्सनं तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. तो चिमुकला श्वास माझ्या कातडीवर लागत होता आणि मी हलायलाही धजत नव्हते.

सासूबाई आता गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला बजावतात, "पाणी गेलं की कळांची वाट बघू नका गं, दवाखाना गाठा." मी मात्र एवढंच शिकले, की शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे. कोणी हात धरून वाट दाखवली, तर त्या वाटेनं मुकाट्यानं चालायचं.