सटीचा कोरा कागद

माझ्या जन्माच्या सातव्या दिवशी आईची खात्री पटली की ही पोरगी काही जगत नाही. मी चांगली धडधाकट होते, घसा फोडून रडत होते, पण हे तिला कोण सांगणार? दोष तिच्या एकटीचा नव्हता. थोडा आजीचा होता, थोडा वडिलांचा होता, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त मिशनच्या बायकांच्या वर्गाचा होता, कारण आई तिथे वाचायला शिकली.

तिचं नाव आवडी. माहेर तुडीलचं. लग्नानंतर दोन वर्षांनी नवरा-बायकोने बाप्तिस्मा घेतला. वडील झाले शिमोन, आई झाली मार्था. पण महाडात वडिलांना सोनबा मास्तर याखेरीज कोणी काही म्हटलं नाही, आणि मार्था म्हणून हाक मारली तर आई मागे वळून बघायचीसुद्धा नाही. वडिलांची नेमणूक पोलादपूरच्या मिशनशाळेत होती. शनिवारी दहा-अकरा मैल चालत यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. आई महाडात मिशनच्या चाळीतल्या एका खोलीत राहायची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मामांनी तिला उंबरा बंद केला होता. आजी, म्हणजे ठमाबाई, मुलांना ‘बाजारात जाऊन येते’ म्हणून जी निघाली ती आठ दिवस महाडातच राहिली. एवढा मोठा बाजार कसला, हे मामांनी विचारलं नाही. त्यांनाही सगळं ठाऊक असावं.

मी १९३१ साली माघ महिन्यात जन्मले. सहाव्या दिवशी संध्याकाळी वडील पोलादपुरात होते, तेव्हा आजीने गुपचूप सटीचा पाट मांडला. पाटा-वरवंटा, कोयता, हळदकुंकू, आणि एक कोरा कागद, दौत नि टाक. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कागद-टाक वडिलांच्याच पेटीतले, म्हणजे मिशनचे. आई बाजेवरून बघत राहिली. ती ‘नको’ म्हणाली नाही, ‘हो’ही म्हणाली नाही. “मला वाटलं, आयेच्या समाधानाला होऊ दे,” असं ती मला पुढे सांगायची. हे पूर्ण खरं नव्हतं. तिलाही थोडं हवं होतं.

सकाळी आजी पाट उचलायला लागली, तेव्हा आईने कागद मागितला. हे आमच्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं. करणार कोण? एकीलाही अक्षर येत नव्हतं. आईने कागद उजेडाला धरला, उलटा करून पाहिला.

“आये, यावर तर काय नाय लिवलेलं.”

आजीला हसूच आलं. “अगो खुळे, ती कपाळावर लिवते. कागुद नुसता ठेवायचा असतो.”

“मग ठेवायचा कशाला?”

आजी म्हणाली, “ठेवतात,” आणि दौत धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी ती तुडीलला परतली, आणि आई त्या कोऱ्या कागदासह एकटी उरली. मला आजीचा अजून राग येतो. निदान चार दिवस तरी थांबायचं होतं.

आईच्या डोक्यात मग दोन भीतींनी घर केलं, आणि दोघींचं एकमेकींशी जमेना. एक भीती म्हणे, हे ख्रिस्ती घर, म्हणून सटवाई दारातूनच परत गेली, पोरीला आयुष्यच लिहिलं नाही. दुसरी म्हणे, तू घरात सटी पुजलीस, आता देवबापही पोरीकडे बघणार नाही. एक खरी असेल तर दुसरी खोटी असायला हवी ना? पण आईला दोन्ही खऱ्या वाटायच्या. पोर इकडचीही नाही, तिकडचीही नाही.

मग ती माझा श्वास मोजायला लागली. नाकाखाली बोट धरायची. मी झोपले की घाबरायची, रडले की घाबरायची. मला बाजेवर ठेवेना, शेजारणीच्या हाती देईना. भात रांधायची तोही मला खांद्यावर टाकून. विसाव्या दिवसापर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि दूध आटत चाललं. मी भुकेने रडायचे, आणि तिला वाटायचं, आता सुरू झालं.

त्या शनिवारी वडील आले. नेहमीसारखे मला बघून खूश झाले, आईला बघून म्हणाले, “तुला बरं नाही का? प्रार्थना कर.” सांगायला सोपं. आईला प्रार्थनेचीच भीती वाटत होती. देवापुढे पोरीचं नाव काढलं तर त्याला सटीची आठवण होईल, त्यापेक्षा गप्प बसावं, असं तिने ठरवलं होतं. वडिलांना तिने कागदाचं काही सांगितलं नाही. सोमवारी ते गेले. माझे वडील सज्जन होते, पण सज्जन माणसाला घरातलं काही दिसेलच असं नाही.

बुधवारी तुळसाबाई आल्या. या मिशनच्या बाई, घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. वयाने पन्नाशीच्या, विधवा, मूळच्या कुडपणच्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी नाव बदला म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “नाव बापाने ठेवलंय, ते असू द्या.” त्यांनी आईकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक पिशवीतच राहू दिलं.

आई सगळं बोलून गेली. कागद काढून दाखवला. बाई रागावतील, उपासनेला येऊ नको म्हणतील, असं तिला वाटलं. बाईंनी कागद हातात घेतला आणि बाजूला ठेवला.

“माझ्या दोन मुली झाल्या. पहिलीची सटी पुजली. दुसरी झाली तवा मी ख्रिस्ती होते, तिच्यासाठी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. दोघी गेल्या.”

आई थिजली. धीर देण्याची ही कसली रीत! “मग म्या करू काय?”

“मला नाय ठाव.” बाई बाजेच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, “आवडे, पोर पोटात होती नऊ महिने. तवा श्वास कोण मोजत होतं?”

आईने मला आणखी घट्ट धरलं.

तुळसाबाईंनी डोळे मिटले. मला आयुष्य दे, असं काही त्यांनी मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “देवबापा, ही फार दमलीय. हिला झोप दे.” आणि मग दोन्ही हात पुढे केले. आईचे हात सुटेनात. बाईंनी मला ओढून घेतलं नाही. त्या हात तसेच धरून बसल्या. आई सांगायची, त्यांचे हात भरून आले तरी खाली गेले नाहीत.

“मला देऊ नको. त्याला दे. मी नुसती धरते.”

आईने मला दिलं. त्याबरोबर ती मोठ्याने रडली, आणि रडता रडता आडवी झाली. सकाळी निजली ती उन्हं कलल्यावर उठली. चोळी भिजली होती. मी बाईंच्या मांडीवर करंगळी चोखत होते. आईने मला छातीशी घेतलं आणि मी, लाज सोडून, अर्धा तास प्याले.

भीती गेली असं मात्र नाही. पुढेही ती यायची. आली की आई मला कुणाच्या तरी मांडीवर द्यायची, ‘बापा, आता तू बघ’ म्हणायची आणि आडवी व्हायची. कधी झोप लागायची, कधी नाही.

मी पाच वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ मुरारी तापाने गेला. दीड वर्षाचा होता. आम्ही मातीवरून परतलो. चाळीतल्या बायका दारात जमल्या होत्या, आई आता डोकं फोडून घेते की काय म्हणून. आईने मला उचलून तुळसाबाईंच्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, “हिला धरा,” आणि भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. बायका म्हणाल्या, काय बाई आहे, पोर पुरून आली आणि घोरतेय.

तिने तेव्हा देवावर भार टाकला होता की त्याच्याकडे पाठ फिरवली होती, हे मला अजून उलगडत नाही. मोठी झाल्यावर मी तिला विचारलंही.

“मला काय ठाव गो,” ती म्हणाली. “झोप लागली.”