खुज्या दीर्घिका आणि एक कायम जागा

सहा वर्षं मी धुळ्याहून चोपड्याला एसटीने जात होते, तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायला. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घ्या, सही करा, निघा. सुट्टी लागली की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. मला त्या कॉलेजात कायम व्हायचं होतं, बस. एकच जागा निघणार होती आणि तिच्यासाठी माझ्याइतकं लायक माणूस दोन तालुक्यांत नव्हतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं नाही.

माझा प्रबंध खुज्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांवर. आपली आकाशगंगा ही मोठी दीर्घिका. तिच्यापुढे या म्हणजे अगदीच चिल्लर. अंधुक, अंड्यासारख्या, आत सगळे म्हातारे तारे. चांगल्या दुर्बिणीतूनही धड दिसत नाहीत. मला मात्र त्यांचा लळा लागला होता. एसटीत शेजारची बाई विचारायची, काय शिकनी, पोरी? मी हे सगळं सांगायची. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, मग लगीन व्हयनं नही का?

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. दर हिवाळ्यात ते आपल्या केळीच्या बागेत स्टाफला भरीत-पार्टी देत. कॉलेजचे निर्णय तिथेच व्हायचे. मीटिंग नंतर नुसती लिहून काढायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात आणि नाना बाजेवर बसून एकेकाला भाजत. प्राचार्य हिरव्या मिरच्या निवडत. हो, प्राचार्यच. कायम नोकरी टिकवायची तर मिरच्याही निवडता आल्या पाहिजेत.

त्या वर्षी बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि संशोधन दाखवणं भाग होतं. अख्ख्या कॉलेजात संशोधन करणारी मी एकटी. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या वाढून झाल्यावर नानांनी मला बोलावलं. शेतात ते अहिराणी बोलत, ऑफिसात पुस्तकी मराठी.

"कसावर शे तुन्हं संशोधन?"

मी सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"लहान कसाले? मोठी ले ना. आपला कॉलेजमा लहान काहीच नही."

मी म्हणाले, नाना, सहा वर्षांचं काम आहे, आता कसं बदलणार? ते म्हणाले, काम कोण बदलायला सांगतंय, बोर्डावर मोठी लिही. प्राचार्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. जागा निघायला दोनच महिने होते, तत्त्वाचं लोणचं घालायचं होतं का मला?

तर खेळाच्या सामानाच्या खोलीवर फ्लेक्स लागला: विशाल दीर्घिका संशोधन केंद्र. त्यावर मोबाईलवरून उतरवलेली एक झगमगीत चक्राकार दीर्घिका, जिचा माझ्याशी काडीचा संबंध नाही, आणि तिच्या दुप्पट आकाराचे नाना, हात जोडून. आत क्रिकेटचे स्टंप चादरीखाली झाकले होते.

समितीत एक वयस्कर प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणत्या दीर्घिकांवर काम करता?"

"विश्वातल्या सगळ्यात मोठ्या," नाना म्हणाले.

"त्यांना बोलू द्या ना," बाई म्हणाल्या.

एखाद्या मोठ्या दीर्घिकेचं नाव जिभेवर आलं होतं. पण बाईंच्या डोळ्यांत असं काही होतं की मला स्वतःचीच शरम वाटली. मी म्हणाले, "खुज्या लंबवर्तुळाकार." बाई चक्क स्टंपांशेजारच्या बाकावर बसल्या. पाऊण तास आम्ही त्या म्हाताऱ्या ताऱ्यांवर बोलत राहिलो आणि नाना उभेच. जाताना बाईंनी प्राचार्यांना सांगितलं की, या कॉलेजात पाहण्यासारखं हेच एक आहे. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. पेढे वाटले. मी घरी येऊन आईला सांगितलं, आता झालंच समज.

पुढच्या आठवड्यात नानांनी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, खुर्ची दिली. मला वाटलं, देवच पावला.

"मॅडम, त्या बाई फारच खूश होत्या. आता मलाही नीट समजावून सांगा. काय असतं त्या खुज्या दीर्घिकांमध्ये?"

मूर्खासारखी मी उत्साहाने सांगत सुटले. त्या बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या आसपासच असतात. ज्या वायूपासून नवे तारे जन्मतात तो मोठ्यांच्या त्या दाटीत केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून त्यांच्यात नवं काही घडत नाही. जुने तारे तेवढे मंद जळत राहतात, अब्जावधी वर्षं.

"आणि सोडून नाही जात मोठीला?"

"नाही, नाना. तिच्या ओढीतून सुटणं फार अवघड असतं."

"तक्रारही करत नाहीत?"

मी हसले. मला तो विनोद वाटला.

नानांनी बशीतला चहा संपवला. "छान विषय आहे. मग असं करू. कायम जागेवर माझ्या भाच्याला घेतोय. त्याचे कागद तयार आहेत. तुम्ही आहात तशाच राहा, तासिकेवर. समिती परत आली की ती खोली तुमचीच."

भाच्याचा प्रबंध कशावर होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही. कप उचलून भिंतीवर मारावा असं वाटलं, आणि मी तो अलगद बशीत ठेवला. "बरं, नाना," म्हणाले आणि दोनच्या तासाला गेले.

जागा गेली याचं वाईट वाटलंच. पण खरी आग झाली ती वेगळ्याच गोष्टीची. सहा वर्षं मी हा विषय विद्यार्थ्यांना सांगितला, प्राचार्यांना सांगितला, आईला सांगितला, एसटीभर सांगितला. पहिल्यांदाच तो कुणाला पुरता समजला होता.