शेळी पिळणारा हात

माझी मैत्रीण दैवशाला पालमकडच्या धनगराची लेक. सातव्या वर्षापासून शेळ्या पिळत, म्हणजे त्यांची धार काढत आली, पुढं पोलीस शिपाई झाली. आम्ही दोघी एकाच दिवशी भरती झालो, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. तिनं सूड घेतला आणि बरं केलं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणी मला क्षमेचं कीर्तन ऐकवायला नको.

आम्हाला पिस्तूल शिकवायला हवालदार महारुद्र होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. दैवशालाची नजर अशी तेज, की माळाच्या पार टोकाला लंगडणारं मेंढरू तिला ओळखू यायचं. पण पिस्तूल हातात आलं की गोळी खाली, डाव्या अंगाला. उस्ताद सगळ्यांपुढं हसायचा.

"तुझं काम न्हाई हे. घरी जाऊन शेळ्या पिळ."

दोन वर्षं हेच. दोन्ही वर्षी जिल्ह्याच्या नेमबाजी संघातून तिचं नाव गळालं.

सुट्टीत ती आईला, कडूबाईला, मोकळ्या हातानं दाखवत होती, पिस्तूल कसं धरतात, चाप कसा ओढतात. म्हातारी खळखळून हसली.

"अगं, तू तर धार काढायलीस! सगळीच बोटं आवळायलीस. एकलंच हलव की."

तिथंच गोम होती. चाप ओढताना बाकीची तीन बोटंही आवळायची आणि नळीचं तोंड वळायचं. मग तिनं न्हाव्याकडं असते तशी पाणी फवारायची बाटली आणली. दोन्ही हातांनी घट्ट धरायची, बाटलीच्या माथ्यावर ज्वारीचा दाणा ठेवायचा आणि फक्त पहिल्या बोटाच्या पेरानं चाप सरळ मागं, हळूहळू ओढायचा. दाणा पडला की पुन्हा. आठ महिने, सुट्टीला घरी गेली तरी, तिनं उजव्या हातानं धार काढली नाही. डाव्या हाताला शेळ्या लाथा मारायच्या, ती मुकाट खायची.

गोळ्या काळ्या वर्तुळात बसू लागल्या. तिनं भोळेपणानं उस्तादाला कारण सांगितलं.

"ते मला पयल्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर शेळ्या म्हणायचो."

म्हणजे माहीत असून दोन वर्षं गप्प! माझंच डोकं फिरलं. त्या दिवसापासून उस्ताद नेम धरायला लागला, की ती मागं उभी राहून त्याचं बोट बघायची.

यंदा संघात एकच जागा उरली आणि त्या जागेवर डोळा असलेले दोघंच, उस्ताद आणि ती. प्रत्येकी दहा गोळ्या. तिच्या नऊ काळ्यात बसल्या. शेळ्या पिळणारी पुढं गेली हे उस्तादाला सोसेना. रागानं तो चाप हिसडू लागला. पहिल्या पाचातल्या तीन खाली गेल्या. त्यानं मान वळवली. आवाज एकदम मऊ.

"दैवशाला, काय चुकायलंय गं माझं? तुला मागून दिसायलं असंल."

तिला स्वच्छ दिसत होतं. नंतर मला तिनं त्याच्या बोटाचा हिसका करूनही दाखवला.

"मला काय कळतंय, उस्ताद? मी शेळ्या पिळणारी."

पुढच्या पाचही खाली गेल्या.

संघाची यादी लिहायचं काम उस्तादाकडंच असतं. दैवशाला टेबलाशी जाऊन उभी राहिली. त्यानं तिचं नाव कोपऱ्यात बारीक लिहिलं. तिनं ते खोडायला लावलं आणि सगळ्यांपुढं पुन्हा ठळक लिहून घेतलं.